मोडलेल्या गोटाचा हिशेब

‘जुने ते सोने’ अशी म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण ज्यांच्या घरात सोने कधी आलेच नाही, त्यांनी जुने म्हणून काय जपायचे? हा प्रश्न मला आमच्या विहारात रविवारी भरणाऱ्या मुलांच्या वर्गात पडला. मी मुलांना सांगितले होते, ‘पुढच्या रविवारी घरातली सर्वांत जुनी वस्तू पाहून या आणि तिची गोष्ट आजी-आजोबांना विचारून या.’ पुढच्या रविवारी कोणी जात्याची गोष्ट आणली, कोणी पितळी तांब्याची. एका मुलीने हिरव्या दोऱ्यात ओवलेला राणीछाप रुपया आणला. एक मुलगा मात्र मान खाली घालून बसला होता. मी विचारले तेव्हा म्हणाला, ‘सर, आमच्यात काहीच नाही. आजी म्हणाली, होतं ते सगळं टाकून दिलं.’

मुले हसली. मला मात्र हसू आले नाही. त्या आजीने टाकून दिले ते काय, आणि का, हे त्या मुलाला कोणी सांगितले नव्हते. वाचकहो, आपल्या समाजाचा मोठा इतिहास त्या ‘टाकून दिलं’ या दोन शब्दांत आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

दागिना नव्हे, ओळखीची खूण

माझी आजी इंदापूर तालुक्यातली, भीमेकाठची. ती तिच्या सासूबद्दल सांगायची, ‘माझ्या सासूच्या हातात कोपरापतुर कथलाच्या वाक्या व्हत्या. चालली की खुळूखुळू वाजायच्या. आवाज आला की वाटेवरच्यांना कळायचं, कोण येतंय ते. मग जो तो बाजूला व्हायचा.’ लहानपणी मला ही गंमत वाटे. मोठेपणी कळले की, हा दागिना त्या बाईला शोभण्यासाठी नव्हता. दुसऱ्यांनी तिला दुरूनच ओळखावे म्हणून होता.

ही काही एका गावाची रीत नव्हती. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यांत जेवावे आणि लोखंडाचे दागिने घालावेत, असे सांगितले आहे. म्हणजे कोणी कोणता धातू अंगावर घालायचा हेसुद्धा शास्त्राने ठरवून दिले होते. सोने कोणाचे, चांदी कोणाची, कथील आणि लोखंड कोणाचे, याची वाटणी माणसाच्या जन्माबरोबरच होत असे.

ही वाटणी पोथीतच राहिली असे कोणी समजू नये. १९२८ च्या सुरुवातीला इंदूरजवळच्या काही गावांत सवर्णांनी बलाई या अस्पृश्य जातीवर जे हुकूम काढले, त्यांत बलाई स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत असे एक कलम होते. नक्षीदार काठाचे धोतर पुरुषांनी नेसायचे नाही, हेही त्यात होते. ज्यांनी हे मानले नाही त्यांच्या विहिरी बंद केल्या, वाटा बंद केल्या. वर्तमानपत्रातली ही बातमी बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात नोंदवून ठेवली आहे.

आणि दक्षिणेत पाहा. त्रावणकोर संस्थानात पुलया समाजाच्या स्त्रियांनी गळ्यात दगडाच्या मण्यांच्या माळाच घातल्या पाहिजेत, अशी सक्ती होती. त्या माळांना तिकडे ‘कल्लुमाला’ म्हणतात. १९१५ साली महात्मा अय्यंकाली यांच्या नेतृत्वाखाली कोल्लम येथे सभा झाली आणि त्या सभेत स्त्रियांनी आपल्या गळ्यातल्या माळा काढून टाकल्या. महाडच्या बारा वर्षे अगोदरची ही गोष्ट. भाषा वेगळी, मुलूख वेगळा, पण गळ्यातले ओझे एकच.

महाडची ती सभा

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला दुसरी परिषद भरली. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली, हे आपल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. पण त्याच वेळी बाबासाहेबांनी खास स्त्रियांसाठी जे भाषण केले, त्याची आठवण आपण कमी काढतो. त्या भाषणात त्यांनी लुगडे नेसण्याची पद्धत, गळ्यातल्या गळसऱ्या आणि कोपरापर्यंतचे कथलाचे व चांदीचे दागिने यांचाच विषय काढला. या गोष्टी म्हणजे अस्पृश्यतेची ओळख आहेत, त्या सोडा, दागिना घालायचाच असेल तर सोन्याचा घाला, नाही तर घालू नका, स्वच्छ राहा, मुलींना शिकवा, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता.

विचार करा. परदेशातून मोठमोठ्या पदव्या घेऊन आलेला माणूस खेड्यातल्या बायकांशी त्यांच्या बांगड्यांविषयी बोलतो. कारण त्यांना माहीत होते की, मनुस्मृती कागदावर जाळली तरी ती बाईच्या हातावर शिल्लक राहील. तिथल्या बायकांनी हे लगेच मनावर घेतले. महाडच्या टिपणीस व चित्रे या घरांतल्या स्त्रियांनी त्यांना लुगडे नव्या पद्धतीने नेसायला दाखवले आणि परिषदेहून परतताना त्या वेगळ्याच होऊन परतल्या.

वर्गातल्या त्या मुलाच्या आजीने ‘टाकून दिलं’ ते यातलेच काही असेल. तिने वारसा गमावला नाही. तिने बेडी काढली.

गोष्टी गोळा करणाऱ्या बाया

पण टाकून दिलेल्या वस्तूची गोष्ट कोण जपणार? राजा-सरदारांचे दागिने संग्रहालयात जातात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाऊन पाहा. केळकरांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, दागिने, भांडी अशा हजारो वस्तू जमवल्या आणि १९७५ साली त्या सरकारच्या हवाली केल्या. मोठे काम आहे, मुलांना जरूर दाखवावे. परंतु वस्तू टिकते ती ज्याच्या घराला माळा असतो, तिजोरी असते त्याची. आपल्या वस्तू झिजल्या, गहाण पडल्या, पाण्यात गेल्या किंवा आपणच फेकल्या. म्हणून आपले संग्रहालय म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात आहे.

हे ओळखून ज्यांनी काम केले, त्या आपल्याच बाया. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी आंबेडकरी चळवळीत वावरलेल्या स्त्रियांना गावोगाव जाऊन शोधले, त्यांच्या घरात बसून त्यांचे बोल लिहून घेतले आणि १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक सिद्ध केले. कोणी कोणत्या परिषदेला गेले, काय नेसले, काय बोलले, घरी आल्यावर काय झाले, हे त्यांनी विचारले नसते तर त्या बायांबरोबरच गेले असते.

आपल्या शेजारच्या फलटणच्या बेबीताई कांबळे तर बारामतीकरांना परक्या नाहीत. त्यांचा जन्म १९२९ साली पुरंदर तालुक्यातल्या वीरगावचा. फलटणला छोटे दुकान सांभाळत, घरच्यांपासून वह्या लपवून त्या लिहीत राहिल्या. ‘जिणं आमुचं’ हे त्यांचे आत्मकथन १९८२ साली ‘स्त्री’ मासिकातून आणि १९८६ साली पुस्तकरूपाने आले. महारवाड्यातली बाई काय खात होती, काय नेसत होती, हे त्यांनी कसलाही आडपडदा न ठेवता मांडले. लुगड्याचा काठ दिसणे हा वरच्या जातींचा मान होता, त्यामुळे आपल्या बायकांना काठ निऱ्यांत दडवून लुगडे नेसावे लागे, ही गोष्ट त्यांनीच लिहून ठेवली. काठ दिसणे न दिसणे ही केवढीशी गोष्ट, पण त्यात अख्खी समाजव्यवस्था बसली आहे! पुढे याच बेबीताईंनी निंबुरे येथे वंचित मुलांसाठी निवासी शाळा चालवली. २०१२ साली त्या गेल्या.

आणि इंदापूरची शीव जिथे संपते त्या सोलापूर जिल्ह्यातल्या शांताबाई कांबळे. जन्म १९२३, सांगोला तालुक्यातले महूद. १९४२ च्या सुमारास त्या शिक्षिका झाल्या. सोलापूर जिल्ह्यातल्या त्या पहिल्या दलित शिक्षिका. ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ हे त्यांचे आत्मकथन १९८६ साली निघाले आणि त्यावरून ‘नाजुका’ ही दूरदर्शन मालिका झाली. २०२३ साली, शंभरीच्या उंबरठ्यावर त्यांचे निधन झाले. या सगळ्याजणी आपल्या शिक्षिका आहेत. शाळेच्या हजेरीपटावर असोत वा नसोत, आपल्याच घरातला इतिहास कसा वाचायचा हे त्यांनी आपल्याला शिकवले.

आजीचे दोन गोट

आता थोडे घरचे सांगतो. माझ्या आजीने कथलाच्या वाक्या घातल्या नाहीत. तिच्या लग्नापर्यंत वारे फिरले होते. तिच्या वडिलांनी मुंबईच्या गिरणीत काम करून साठवलेल्या पैशातून तिला चांदीचे दोन गोट केले होते. साधे, भरीव, टोकाला बारीक फुलाची नक्षी. १९५६ साली धम्मदीक्षेनंतर आमच्या वस्तीने देव्हाऱ्यातले टाक भीमेत सोडले, तेव्हा आजीनेही आपला टाक सोडला. कोणीतरी म्हणाले, ‘गोट बी सोड की.’ आजी म्हणाली, ‘देव बाबांनी सोडाया सांगितलं. गोट माझ्या बापाच्या घामाचं हाईत.’ तिला फरक बरोबर कळला होता.

१९६९ साली माझे वडील मॅट्रिक झाले. बारामतीला तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ सालीच सुरू झालेले होते. गावातून तिथे जाणारे ते आमच्या वस्तीतले पहिले. फी माफ झाली तरी खोली, जेवण, पुस्तके आणि एक धड पँट एवढे लागणारच होते. आजीने एक गोट मोडला. तीन वर्षांनी १९७२ चा दुष्काळ आला. आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली, सुकडीवर दिवस काढले, पण दुसरा गोट मोडला नाही. वडील म्हणत, ‘आई, मोड तो.’ ती म्हणे, ‘पोटासाठी हात हाईत. गोट शिकण्यासाठी ठेवलाय.’

पुढे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि गाव पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते, लोक फोटो काढायला जातात. दगडी देऊळ पाण्यातही टिकते. आमच्या वस्तीची घरे मातीची. त्यांचे काहीच वर येत नाही. त्या गावातून आमच्याकडे आला तो आजीच्या पत्र्याच्या पेटीतला एक गोट.

बाईची बँक

मी कॉमर्सचा विद्यार्थी, पोटासाठी कारकुनी करतो. त्यामुळे जमाखर्चाच्या भाषेत सांगतो. गरीब घरात दागिना ही बाईची बँक असते. पासबुक नाही, सही नाही, नवऱ्याच्या हातात सहज जाणारा रोख पैसा नाही. अडचण आली की गहाण, नड भागली की सोडवणूक. सावकाराने व्याजाखाली तो गिळला नाही, तर तो पुन्हा हातात. रमाईंनीही धारवाडच्या वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी आपल्या बांगड्या काढून दिल्याची हकीकत सांगितली जाते. तेव्हा दागिना मोडणे ही आपल्या समाजात लाजेची गोष्ट नाही. कशासाठी मोडला, हा प्रश्न महत्त्वाचा.

म्हणूनच आजचे चित्र पाहून काळजी वाटते. पतसंस्थेचे कर्ज काढून लग्नात सोने घातले जाते. मंडपात वंदना होते, बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घातला जातो आणि आतल्या खोलीत किती तोळे यावर रुसवेफुगवे चालतात. ज्या बायांनी कथलाची बेडी फेकली, त्यांच्या नातींच्या गळ्यात आपण हप्त्याची साखळी घालायची का? बाबासाहेबांनी सोने घाला म्हटले ते माणसासारखे दिसावे म्हणून. कर्जबाजारी व्हावे म्हणून नव्हे.

वस्तू वाचायला शिका

आपल्या घरी एखादा जुना दागिना असेल तर तो पुष्कळ बोलतो. त्या मुलीने आणलेल्या रुपयाचेच पाहा. राणीच्या चित्राभोवती इंग्रजीत ‘क्वीन’ असेल तर तो १८७६ पर्यंतचा आणि ‘एम्प्रेस’ असेल तर १८७७ नंतरचा. पंचम जॉर्जचा असेल तर १९११ ते १९३६ मधला. त्या काळचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम वजनाचा असे आणि त्यात जवळजवळ ९२ टक्के चांदी असे. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा. म्हणजे रुपया, अधेली, पावली, चवली यांच्या माळेवरून ती साधारण कोणत्या काळी ओवली गेली हे घरबसल्या समजते. मुलांना यातून इतिहासही कळेल आणि गणितही.

सोन्याबाबत एक लक्षात ठेवा. दागिन्यांवर हॉलमार्कची पद्धत आपल्याकडे २००० सालापासून आली आणि सक्ती तर २०२१ पासूनची. त्यामुळे आजीच्या फुलीवर किंवा डोरल्यावर शिक्का नसेल तर ती वस्तू खोटी ठरत नाही. हॉलमार्क केंद्रावर कस तपासून मिळतो. कोणी कमी भावाने मागत असेल तर दोन ठिकाणी विचारा.

जुनी चांदी राखेने, चिंचेने घासघासून उजळू नका, नक्षी झिजते. मऊ कोरड्या फडक्याने पुसून कोरड्या सुती कापडात ठेवा. आणि दारावर येऊन ‘दागिने उजळून देतो’ म्हणणाऱ्याच्या हातात काहीही देऊ नका, कितीही गोड बोलला तरी.

एक वही करा

भगिनींनो, माझी एकच विनंती आहे. प्रत्येक घराने एक वही करावी. दोनशे पानी साधी वही पुरे. त्यात रकाने आखा : वस्तू कोणती, धातू कोणता, वजन किती, कोणाच्या पैशातून केली, कोणाकडून कोणाकडे आली. शेवटचा रकाना सर्वांत मोठा ठेवा : मोडली, गहाण पडली, टाकून दिली असेल तर कशासाठी. नसलेल्या वस्तूही लिहा. त्याच आपल्याकडे जास्त आहेत. ‘पणजीच्या कथलाच्या वाक्या, टाकून दिल्या, कारण बाबासाहेबांनी सांगितले’ ही ओळसुद्धा वारसाच आहे. वर्गातल्या त्या मुलाच्या वहीत मी पहिली ओळ अशीच लिहून घेतली. त्यानंतर त्याची मान खाली नव्हती.

मोबाईल आता घरोघर आहे. त्यावर आजीचा आवाज टिपून घ्या. तिला मध्येच थांबवू नका, तिची बोली सुधारू नका. हे काम उद्यावर टाकू नका. १९५६ साली दहा वर्षांची असलेली मुलगी आज ऐंशीच्या घरात आहे. शाळेतल्या गुरुजींनी आणि बाईंनी मनावर घेतले तर एका वर्गातून पन्नास घरांचा इतिहास जमा होईल.

आणि तो दुसरा गोट?

गेल्या जून महिन्यात माझ्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. फी भरायला पैसे कमी पडत होते. मी पेटी उघडली आणि आजीचा गोट घेऊन सोनाराकडे गेलो. त्याने वजन केले, आकडा सांगितला. माझा हात पुढे होईना. एवढी वर्षे मी लोकांना जुन्या वस्तू जपा म्हणून सांगत आलो आणि आता स्वतःच मोडायला निघालो होतो. गोट परत घेऊन घरी आलो.

माझी आई जवळ बसली. म्हणाली, ‘सासूबाईंनी तो कशासाठी ठेवला होता?’ मी गप्प. ‘शिकण्यासाठीच ना? मग पोरगी काय करतीया? नुसता पेटीत ठेवून पूजा करायची असंल तर मग टाक काय वाईट होता?’

या बोलण्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. शेवटी पगारदारांच्या सोसायटीतून थोडे कर्ज मिळाले, बाकीचे दोन मित्रांनी दिले आणि यंदाचे वर्ष निभावले. गोट अजून पेटीत आहे. पुढच्या वर्षी राहील की नाही, सांगता येत नाही. पण आता त्याची नोंद वहीत आहे. मुलीने स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे :

‘चांदीचे गोट, दोन. पणजीच्या वडिलांनी गिरणीच्या पगारातून केले. एक मोडला १९६९ साली, आजोबांच्या शिक्षणासाठी. दुसरा शिल्लक.’

त्यापुढचा रकाना तिने कोरा सोडला आहे. तो भरावा लागला तर ती भरेल. तिथे मिरवण्याचा खर्च लिहिला जाणार नाही, एवढी मला खात्री आहे.

जय भीम.